हप्ता चुकला हे कोर्टात शाबीत करून देणाऱ्या वकीलबाई : कोल्हापुरातल्या एका दरखास्तीचा अनुभव

पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

हा अभिप्राय एका वकीलबाईंच्या कामाबद्दल आहे. दरखास्त म्हणजे कोर्टाचा हुकूम अमलात आणून मिळावा म्हणून केलेला अर्ज. शाहूपुरीत त्यांचं ऑफिस आहे. नाव देत नाही, कारण वकिलांना स्वतःची जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे आणि बाईंनीही "अनुभव लिहा, माझं नाव कुठं टाकू नका" असं बजावलंय. पण काम काय केलं आणि कसं केलं, हे सविस्तर लिहिणं मला गरजेचं वाटतं. हप्त्यांचा हुकूम हातात असूनही पैशासाठी हेलपाटे घालणारे लोक कोल्हापूरच्या आपल्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या भागात, भरपूर आहेत.

आमचं पॅटर्न शॉप आहे. फौंड्रीला, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याला, लागणारे सागवानी आणि ॲल्युमिनियमचे पॅटर्न (ज्यावरून साचा घेतात तो नमुना) आणि कोअर बॉक्स (ओतकामातली पोकळी ठेवणारा गाभा करायची पेटी) आम्ही करतो. एका फौंड्रीवाल्याकडे आमची बिलं थकली. रिमाइंडर झाले, वकिली नोटीस झाली, दावा झाला. दाव्याची रक्कम खर्चासकट ६,२०,००० पर्यंत गेली. मग लोकअदालतीत तडजोड झाली. ठरलं असं : त्या फौंड्रीवाल्या शेठने ४,८०,००० रुपये द्यायचे, दरमहा २०,००० प्रमाणे २४ हप्ते, प्रत्येक महिन्याच्या १० तारखेच्या आत, पहिला हप्ता मार्च २०२३ चा. हप्ते वेळेत फिटले तर वरचे १,४०,००० आम्ही सोडायचे. लागोपाठ दोन हप्ते थकले तर सवलत रद्द. मग पूर्ण ६,२०,००० मधून तोवर जमा झालेली रक्कम वजा करून उरलेली सगळी बाकी एकदम वसूल करायची, थकल्या तारखेपासून द.सा.द.शे. ६ टक्के व्याजानं.

वाचायला हे अगदी स्वच्छ वाटतं. लोकअदालतीचा निवाडा म्हणजे विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम २१ प्रमाणे दिवाणी कोर्टाचा हुकूमनामाच, आणि त्यावर अपीलही नाही. पण त्या कागदात एक वाक्य राहून गेलं होतं. पैसे कुठल्या खात्यात, कुठल्या मार्गाने द्यायचे, ते त्यात नव्हतं. आमच्या कामात पॅटर्नला आकसण्याचा वाव धरावा लागतो. कास्ट आयर्न थंड होताना मीटरला साधारण १० मिलिमीटर आकसतं. तो वाव पॅटर्नमध्ये सोडला नाही तर त्यावरनं निघणारी प्रत्येक कास्टिंग लहानच येणार, मग मोल्डर, म्हणजे साचा भरणारा, कितीही चांगला असू दे. तडजोडीच्या कागदाचंही तसंच झालं. कागद करतानाची उणीव पुढच्या प्रत्येक हप्त्यात उतरली.

पहिले नऊ हप्ते बँकेत आले. सहावा आठ दिवस उशिरा आला, तो आम्ही घेतला. दहावा, म्हणजे डिसेंबर २०२३ चा, आला नाही. जानेवारीचा अकरावाही नाही. फेब्रुवारीत मात्र पैसे आले आणि पाठवणाऱ्याने शेऱ्यात "हप्ता १२" असं लिहिलं होतं. मार्चमध्ये "हप्ता १३". फोन केला तर शेठ म्हणाले, "अहो मिस्त्री, दहावा रोख दिलाय की तुमच्या पोराकडं. अकरावा तुमच्या त्या रिजेक्ट पॅटर्नच्या डेबिट नोटमध्ये वळता केलाय. बाकी कसली?"

डेबिट नोट म्हणजे नापास मालापोटी रक्कम कापल्याचा कागद. सगळा वाद एवढ्यातच होता. दोन्हीतला एक हप्ता जरी मिळाला असं ठरलं, तर "लागोपाठ दोन" ही अट मोडली आणि शेठ सुटले. शेठच्या वकिलाने त्यांना पुढचे हप्ते चालू ठेवायला लावले, तेही हुशारीचं होतं. कोर्टासमोर माणूस दरमहा पैसे भरताना दिसतो, आणि दरखास्त करणारा लोभी दिसतो.

मी बाईंकडे गेलो ते एका मित्राच्या सांगण्यावरून. त्याआधी एका वसुलीवाल्याने "पंचवीस टक्के द्या, महिन्यात आणतो" असं सांगितलं होतं. बाईंनी पहिल्याच भेटीत टक्केवारीचा विषय बंद केला. वसूल होणाऱ्या रकमेत हिस्सा घेणं वकिलाला नियमाने चालत नाही. फी तीन टप्प्यांत सांगितली : दरखास्त दाखल करताना, पुराव्याच्या वेळी, आणि जप्तीचं काम निघालं तर तेव्हा. आकडा कागदावर लिहून दिला आणि शेवटपर्यंत त्यात वाढ केली नाही. नकला, प्रोसेस फी, टायपिंग यांचा हिशेब वेगळा, पावत्यांसकट.

मग त्यांनी गोष्ट ऐकून घेण्याआधीच बँकेचं स्टेटमेंट मागितलं. पहिल्या हप्त्यापासूनचं, पानापानावर शिक्का मारलेलं. त्यांच्या ज्युनियरने एका मोठ्या तक्त्यात हप्ता क्रमांक, देय तारीख, जमा तारीख, रक्कम, मार्ग, आणि शेवटच्या रकान्यात "वाद" असं मांडलं. सहाव्या हप्त्यासमोर ज्युनियरने "विलंब" लिहिलं होतं. बाईंनी तिथंच पेन टेकवला. "हा आपण मुकाट घेतलाय. याला थकबाकी म्हणायचं नाही. एक लंगडा मुद्दा घातला की समोरचा त्याच्यावरच दोन तारखा बोलतो, आणि कोर्टाचा आपल्या बाकीच्या आकड्यांवरचा विश्वास जातो." मला ते तेव्हा थोडं लागलं होतं, कारण त्या आठ दिवसांत आमचा पगार रखडला होता. पण पुढे पाहिलं, शेठच्या वकिलाने नेमका सहावा हप्ता धरूनच युक्तिवाद सुरू केला. म्हणे, हे उशिरा आलेले पैसे घेतात आणि मग ओरडतात. बाईंनी शांतपणे सांगितलं, आमची त्याबद्दल तक्रारच नाही. मुद्दा तिथंच संपला.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दिवाणी प्रक्रिया संहितेत, म्हणजे १९०८ च्या कायद्यात, आदेश २१ मध्ये हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचं सगळं आहे. पैसे कसे द्यायचे हे नियम १ सांगतो : कोर्टात भरा, किंवा कोर्टाबाहेर मनीऑर्डरने, बँकेमार्फत, नाहीतर ज्याचा लेखी पुरावा राहील अशा मार्गाने द्या. कोर्टाबाहेर दिलेल्या पैशांची नोंद कोर्टात झाली पाहिजे, हे नियम २ मध्ये आहे. पैसे मिळाले की हुकूमनामाधारकाने, म्हणजे ज्याला पैसे यायचे त्याने, स्वतःहून तसं कोर्टाला कळवायचं. त्याने नाही कळवलं तर देणाऱ्याने अर्ज करून नोंद करून घ्यायची, आणि त्यासाठी मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२५ प्रमाणे पैसे दिल्यापासून ३० दिवस मिळतात. अशी नोंद न झालेली रक्कम दरखास्तीच्या कोर्टाने विचारात घ्यायची नाही, असं नियमातच लिहिलंय. शेठने दहाव्यासाठी नाही, अकराव्यासाठी नाही, कसलाच अर्ज केला नव्हता.

मी म्हटलं, मॅडम, मग जिंकलोच की. बाई म्हणाल्या, "तांत्रिक मुद्दा पहिल्या पानावर घेऊ, पण त्याच्यावर विसंबून झोपायचं नाही, मिस्त्री. वीस हजारांची चिठ्ठी खरी असेल तर ती खरीच आहे. ती कशाची, ते आपल्याला सांगता आलं पाहिजे."

आणखी एक गोष्ट त्यांनी केली, जी दुसऱ्या कुठल्या वकिलाने केली असती असं मला वाटत नाही. दरखास्तीसोबतच त्यांनी मिळालेल्या सगळ्या हप्त्यांची पुरसिस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, दाखल केली. आदेश २१ नियम ११ प्रमाणे दरखास्तीच्या तक्त्यात हुकूमनाम्यानंतर काय मिळालं ते लिहावंच लागतं, पण बरेच जण तिथं गोल गोल लिहितात. बाईंनी एकेक तारीख घातली. दरखास्त चालू असताना जो हप्ता येई, त्याचीही लगेच पुरसिस. दर वेळी मला सहीला बोलवायच्या. "मिळालेलं वेळेवर कबूल करणाऱ्याचं न मिळालेलंही खरं मानलं जातं," असं त्यांचं म्हणणं. निकालात कोर्टाने या पुरसिसांचा उल्लेख केला आहे.

आता त्या चिठ्ठीबद्दल. शेठने ती आपल्या म्हणण्यासोबत दाखल केली. डिलिव्हरी चलनाच्या पाठीवर निळ्या बॉलपेनने लिहिलेलं : "रु. २०,००० रोख मिळाले", खाली ९ डिसेंबर २०२३ ही तारीख आणि आमच्या शॉपमधल्या पोराची सही. दहाव्या हप्त्याची मुदत १० डिसेंबर. रक्कम तंतोतंत हप्त्याची. सही खरी. कुणीही पाहिलं तर हप्ताच वाटावा. पण ते पैसे एका नव्या कोअर बॉक्सचे ॲडव्हान्स होते. जुनी बाकी कोर्टात असताना नवं काम का घेतलं असं कुणी विचारेल, तर उद्यमनगरात संबंध असे तोडता येत नाहीत. गिऱ्हाईक एकच, जुनं भांडण वेगळं आणि नवी ऑर्डर वेगळी. रोजंदारीवर माणसं बसवलेली असतात, त्यांना काम लागतं.

बाईंनी त्या कोअर बॉक्सची फाईल मागवली. आमचं बिल जानेवारीतलं : ३९,००० अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण ४६,०२०. त्याखाली "ॲडव्हान्स वजा २०,०००, येणे २६,०२०". डिलिव्हरी चलनावर फौंड्रीच्या गेटचा शिक्का. आणि बँक स्टेटमेंटमध्ये फेब्रुवारीत त्याच फर्मकडून एनईएफटीने आलेले २६,०२०. बाईंनी त्या ओळीखाली पट्टी ठेवून पेन्सिलने रेघ ओढली आणि फाईल बंद केली. जास्त काही बोलल्या नाहीत.

उलटतपासाच्या दिवशी शेठ साक्षीदार म्हणून उभे होते. संहितेच्या कलम ४७ प्रमाणे हुकूमनामा फिटला की नाही हा वाद वेगळा दावा न करता दरखास्तीतच निकाली काढायचा असतो, त्यामुळे शपथपत्र, उलटतपास सगळं तिथंच झालं. बाईंनी चिठ्ठीबद्दल एकही प्रश्न आधी विचारला नाही. कोअर बॉक्स मिळाला का? मिळाला. बिल मान्य आहे का? मान्य. त्यात काही खोट निघाली का? नाही. बिल किती रुपयांचं? ४६,०२०. तुम्ही किती पाठवले? २६,०२०. बिलाची काही बाकी राहिली आहे का? नाही, चुकतं केलं. मग उरलेले २०,००० कधी दिले? शेठनी वकिलाकडे पाहिलं. मग म्हणाले, आठवत नाही. बाईंनी चिठ्ठी दाखवली, तारीख वाचायला लावली आणि खाली बसल्या. करार कायद्याचं कलम ५९ सांगतं की देणेकऱ्याने पैसे देताना कुठल्या देण्यापोटी देतो ते सांगितलं असेल, किंवा परिस्थितीवरून ते दिसत असेल, तर ते त्याच देण्यापोटी धरायचं. इथं परिस्थिती त्यांच्या स्वतःच्याच बँक खात्यात लिहिलेली होती. ज्याने ॲडव्हान्स वजा करून बिल भागवलं, त्याला तेच वीस हजार परत हप्त्यात धरता येत नाहीत.

डेबिट नोटचं प्रकरण लवकर निपटलं. एकतर्फी कागद, आमची सही नाही, माल परत आल्याचं चलन नाही, कोर्टाला कळवलेलं नाही. त्यावर मी जास्त लिहीत नाही.

व्हॉट्सॲपबद्दल मात्र लिहितो, कारण ते माझ्या बायकोचं श्रेय आहे. शॉपचा हिशेब ती बघते. जमा झालेल्या प्रत्येक हप्त्यावर ती शेठच्या नंबरवर मेसेज टाकायची. फेब्रुवारीतला मेसेज : "नमस्कार. हप्ता १२ चे २०,००० आज जमा. हप्ता १० व ११ येणे बाकी आहे, कृपया पाठवावे." त्याला शेठकडून नुसता अंगठा आला. मार्चमध्येही तेच, पुन्हा अंगठा. बारावा-तेरावा निमूटपणे घेतला म्हणजे आधीचे दोन मिळाल्याचं तुम्ही मान्य केलंत, हा शेठच्या बाजूचा मुख्य मुद्दा होता, आणि या दोन मेसेजनी तो पडला. मात्र मोबाईलचे स्क्रीनशॉट नुसते छापून चालत नाहीत. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला, आणि त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक आपण भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. बाईंनी हे सगळं पुराव्याच्या तारखेआधी तयार ठेवलं होतं. मोबाईल बदलू नको, चॅट पुसू नको, असं तर त्यांनी बायकोला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

शेवटचा मुद्दा समोरच्या वकिलांनी चांगला मांडला, हे मान्य करायला पाहिजे. ४,८०,००० मधले बहुतेक पैसे आलेत, आता वरचे १,४०,००० मागणं म्हणजे दंड आहे, आणि करार कायद्याचं कलम ७४ दंडाला आळा घालतं, असं त्यांचं म्हणणं. बाईंचं उत्तर असं की मूळ देणं ६,२०,००० हे शेठनी तडजोडीत कबूल केलंय, वेळेवर देण्याच्या बदल्यात त्यातले १,४०,००० आम्ही सोडायला तयार होतो. वेळ पाळली नाही तर सवलत जाते, वर काही चढत नाही. शिवाय दरखास्तीच्या कोर्टाला हुकूमनाम्याच्या मागे जाता येत नाही, आणि हुकूमनामा झाल्यावर हप्त्यांची मुदत बदलायची तर आदेश २० नियम ११ प्रमाणे आमची संमती लागते. कोर्टाने हे मानलं. हप्ता १० आणि ११ थकले, सवलत रद्द, दरखास्त पुढे चालू. बँकेतून आलेले २२ हप्ते, म्हणजे ४,४०,००० वजा जाऊन १,८०,००० आणि घटत्या बाकीवरचं व्याज. व्याजाचा तक्ता बाईंनी प्रत्येक जमेनंतर बाकी कमी करत काढला होता, सरसकट नाही. त्यामुळे त्यावर हरकतच आली नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राहुल शहा प्रकरणात दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढा असं सांगितलंय. आमच्यात समोरच्यांनी मागितलेल्या तारखांमुळे त्याहून पुष्कळ जास्त वेळ गेला. बाई प्रत्येक मुदतवाढीच्या अर्जावर त्या निकालाचा हवाला देऊन लेखी हरकत घ्यायच्या, म्हणून निदान खर्च बसवून तारीख मिळाली. निकालानंतर शेठ म्हणाले, हायकोर्टात जातो. पूर्वी ही धमकी म्हणजे मुंबईचा प्रवास, मुंबईचा वकील. १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच कोल्हापुरात, सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टात बसतंय, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांसाठी. आमच्यासारख्याला त्या धमकीची भीती आता तेवढी उरली नाही. शेठ गेले नाहीत.

वसुलीच्या टप्प्यावर मी बाईंना विचारलं होतं, याला आत टाकता येईल का. रागाने विचारलं होतं. त्यांनी मला बसवून समजावलं. दिवाणी कैद कायद्यात आहे, पण कलम ५१ प्रमाणे ऐपत असून टाळतोय, किंवा मालमत्ता लपवतोय, असं दाखवावं लागतं. १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी सांगितलंय की नुसतं पैसे देता न येणं हे तुरुंगात टाकायला कारण होत नाही. "उद्या मंदी आली तर त्या जागी तुम्ही असाल," असं त्या म्हणाल्या नाहीत, पण मला तसंच ऐकू आलं, आणि ते योग्यच वाटलं. फौंड्रीच्या गेटवर बेलिफ, म्हणजे कोर्टाचा जप्तीचा माणूस, नेऊन जप्ती करायचाही त्यांचा कल नव्हता. भट्टी बंद पडली तर तिथल्या मोल्डरांचे पगार अडकतील आणि आपली वसुलीही.

त्याऐवजी त्यांनी आदेश २१ नियम ४१ खाली शेठकडून मालमत्तेचं शपथपत्र मागवलं. फर्म शेठच्या एकट्याच्या मालकीची, त्यामुळे सगळं त्यांच्याच नावावर. हे शपथपत्र द्यायचं टाळलं तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते, हे बहुतेक देणेकऱ्यांना माहीत नसतं. शपथपत्रात पुण्याच्या एका मोठ्या कंपनीकडून येणं असलेली बिलं दिसली. बाईंनी नियम ४६-अ प्रमाणे त्या कंपनीला नोटीस काढण्याचा अर्ज दिला : शेठचे जे पैसे तुम्ही देणं लागता, त्यातले एवढे कोर्टात भरा. नोटीस पुण्याला पोचायच्या आतच शेठनी पूर्ण रक्कम कोर्टात भरली. गिऱ्हाईकासमोर नाव जाऊ नये, हे कुठल्याही धंदेवाल्याला कळतं. रक्कम काढून घेण्याचा अर्ज, ओळख पटवणं, खात्याचा तपशील, हे सगळं ज्युनियरने सोबत येऊन करून दिलं.

आता अर्धा गुण. दाखल होणारा प्रत्येक कागद इंग्रजीत. जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठी आहे, न्यायाधीश मराठी, पक्षकार मराठी, उलटतपास मराठीत झाला, आणि माझं शपथपत्र मात्र मला वाचून समजावून घ्यावं लागलं. बाई प्रत्येक परिच्छेद समजावून सांगायच्या, घाई करायच्या नाहीत, पण माझ्या सहीखालचा मजकूर मला स्वतःला वाचता यायला पाहिजे. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. मसुदे मराठीत करायला वेळ जास्त लागतो, असं त्यांचं उत्तर, आणि ते मला पटलेलं नाही. दुसरं, संध्याकाळी सातनंतर फोन उचलत नाहीत. मेसेजला सकाळी उत्तर येतं, म्हणून त्याबद्दल गुण कापला नाही. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वयस्कर माणसं असतील तर ज्युनियर खाली येऊन कागद घेतात, सही करून घेतात.

आणि ज्यांची तडजोड अजून व्हायचीय त्यांच्यासाठी. आमच्या नंतर शेजारच्या एका मशिनशॉपवाल्याचा हप्त्यांचा मसुदा बाईंनी करून दिला, तो मी पाहिला. त्यात खाते क्रमांक आहे, आयएफएससी आहे. "रोख, वळती, माल परत किंवा तिसऱ्या व्यक्तीमार्फत दिलेली रक्कम हुकूमनामाधारकाच्या सहीच्या पोचीशिवाय हप्ता म्हणून धरली जाणार नाही" असं वाक्य आहे. हप्ता मागेपुढे आला तर आधी कुठला थकलेला हप्ता भरून निघेल ते आहे. सात दिवसांची सवड आहे, म्हणजे बँकेची सुट्टी किंवा पुराचं पाणी आलं म्हणून कुणी नाहक थकबाकीदार ठरू नये. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांच्या धोक्याच्या पातळीकडे निघाली की आपल्याकडे निम्मे व्यवहार ठप्प होतात, हे त्या मसुदा करणारीला माहीत आहे. आणि उशिरा आलेला एखादा हप्ता स्वीकारला तरी पुढच्यासाठी हक्क सोडला असा अर्थ होणार नाही, हेही आहे. एवढं आमच्या कागदात असतं तर दरखास्तीचा वाद एका तारखेत मिटला असता.

हप्ते थकून बराच काळ गेला असेल तरी धीर सोडू नका. मुदत कायद्याच्या अनुच्छेद १३६ प्रमाणे हप्त्यांच्या हुकूमनाम्यात जो हप्ता थकला, त्याच्या वसुलीसाठी तो थकल्यापासून १२ वर्षं मिळतात. फक्त हुकूमनाम्याला दोन वर्षं उलटून गेली असतील तर आधी समोरच्याला नोटीस निघते, तेवढा वेळ धरून चाला.

लगेच धाक दाखवून पैसे काढून देणारं कुणी हवं असेल, तर या बाईंकडे जाऊ नका, त्या तसलं काम घेत नाहीत. कागद असतील आणि खरं बोलायची तयारी असेल तर जा. जाताना निवाड्याची सही-शिक्क्याची नक्कल, बँकेचं पहिल्या हप्त्यापासूनचं स्टेटमेंट, त्या माणसाबरोबर त्याच काळात झालेल्या दुसऱ्या व्यवहारांची बिलं-चलनं आणि मेसेज असलेला मूळ मोबाईल घेऊन जा. शनिवारी दुपारी त्या नवीन पक्षकारांना वेळ देतात, आदल्या दिवशी ज्युनियरला फोन करून ठरवावं लागतं.